दोन गाठींची बाटली

कोपरीच्या बाजारात सेलेस्टीनबाय येताना दिसली की कोळणी पाट्यांवरचं ओलं फडकं उगीचच एकदा नीट करत. बाई घेणार असायची दोन बोंबील, पण कल्ला उचलणार प्रत्येक माशाचा. डोळा दाबून बघायची, बोट हुंगायची, मग पुन्हा तोच मासा उलटा करून बघायची. "आजचाच हाय गं बाय, मेरीमायची शप्पथ," असं कोळीण म्हणाली, तर ही विचारायची, "काल कोणाची शप्पथ घेतलेलीस?"

तिचा संशय माशांपुरता असता तर लोकांनी चालवून घेतलं असतं. देवळातली, म्हणजे आपल्या चर्चमधली, मेणबत्ती नवी आहे की कुणाच्या मयताची उरलेली, हे ती वात चिमटीत धरून बघायची. दूधवाल्याकडून दूध घेताना त्याचे हात आधी कोरडे करायला लावायची. ठाण्याच्या स्टेशनातलं घड्याळ गाडी येईल तसं पुढेमागे करतात, हे तर तिने इतक्यांना सांगितलं होतं की काही जण खरं धरून बसले होते. बरं, ती वाईट होती का? मुळीच नाही. आजारी माणसाकडे आधी धावायची तीच. पण उशाशी बसून औषधाची बाटली उजेडात धरून बघितल्याशिवाय घोट पाजायची नाही.

वयाच्या चाळिशीत ती विधवा झाली. तिचा नवरा इनास खारजूच्या मिठागरात कामाला होता. खाडीतल्या बेटाला आपल्याकडे जू म्हणतात, आणि कोलशेतच्या समोर भरतीला चहूबाजूंनी पाणी होणारं ते खारजू. मधोमध दगडांची एक टेकडी, तिच्यावर चार झाडं, भोवती सगळी मिठाची खाचरं, आणि बांधाच्या टोकाला एक जुना दगडी क्रूस. पटकीच्या वर्षी इनास तिथेच दोन दिवसांत गेला. पटकीचं मयत होडीत घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून त्याला क्रुसाच्या पायाशीच पुरलं. ही बातमी घेऊन आला होता भिवा, मिठागराचा रखवालदार. तो दारात उभा राहून सांगत होता आणि सेलेस्टीनबाय त्याच्या तोंडाकडे बघत होती. हा काहीतरी राखून बोलतोय, असं तिच्या मनाने तेव्हा घेतलं आणि ते पुढे अकरा वर्षं निघालं नाही.

भिवाची बायको आवडाबाई दरवर्षी तिच्यासाठी वाळवलेल्या जवळ्याचं गाठोडं पाठवायची. सेलेस्टीनबाय ते सुपात घेऊन पाखडायची. खाली मूठभर वाळू उरली की शेजारणीला बोलावून दाखवायची. "बघ, वजनाला वाळू." फुकट दिलेल्या जवळ्यात वजन कशाला वाढवील कुणी, हे शेजारीण एकदा बोलून गेली. त्या शेजारणीशी ती महिनाभर बोलली नाही.

आता अशा बाईच्या हाती साप कसे आले, ते सांगतो.

कोपरीतच पर्सी डॉक्टर राहत. आपल्याच ख्रिस्ती जातीतले, मुंबईला शिकून डॉक्टर झालेले, पण अर्धा जीव औषधात आणि अर्धा जमिनीखालच्या किड्यामुंग्यांत. त्यांच्या मागच्या खोलीत फळ्यांवर बाटल्याच बाटल्या, आणि बाटल्यांत दारूत ठेवलेले वाळे. वाळा म्हणजे गांडुळासारखा दिसणारा आंधळा साप. वितीएवढा, दोऱ्यासारखा बारीक, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. रात्री झोपलेल्याच्या कानात शिरतो असं आपल्याकडे म्हणतात. सेलेस्टीनबाय डॉक्टरांकडे बाटल्या धुवायला राहिली तेव्हा पहिले सहा महिने कानात कापसाचे बोळे घालून काम करायची. मेलेला वाळा कानात कसा शिरेल, असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, "मेला हाय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

पण डॉक्टरांनी तिचं खरं मोल ओळखलं. वाळ्यांच्या जाती ओळखणं हे किचकट काम. वरवर सगळे सारखेच. फरक असतो तो खवल्यांत. अंगाच्या मधोमध, भोवताली, खवल्यांच्या ओळी किती ते मोजायचं. नाकपुडीपासून निघालेली बारीक शीव डोळ्याकडे जाते की ओठाकडे, ते बघायचं. शेपटीचा काटा बोथट की टोकदार, ते बघायचं. गोल अंगावर मोजताना सुरुवात कुठे केली तेच विसरतं. डॉक्टर स्वतः तीन वेळा मोजायचे आणि तीन आकडे यायचे. सेलेस्टीनबायचे डोळे माशांच्या कल्ल्यांवर तयार झालेले. ती भिंगाखाली वाळा धरायची, पहिल्या खवल्यावर लाल शाईचा टिपका द्यायची आणि एका तुटक्या जपमाळेचे मणी बोटाने सरकवत मोजायची. त्या माळेचे दहा-दहा मण्यांचे दोनच तुकडे उरले होते. ठाण्यातल्या कुठल्याही परसातला वाळा घ्या, दोन्ही तुकडे बरोबर संपायचे आणि बोट पुन्हा लाल टिपक्यावर यायचं. वीस.

"पादरीबाबांनी बघितलं तर?" डॉक्टर एकदा हसून म्हणाले.

"प्रार्थना कुठं म्हनतंय मी? नुसते मणी मोजतंय," ती म्हणाली. आणि मग भिंगातून मान वर न करता, "डॉक्टर, एक सांगू? हे आपले परसातले सगळे बायाच हायेत. जो फाडला त्याच्या पोटात अंडीच. एक पन पुरुष नाय. कायतरी लपवतायत."

डॉक्टर पोट धरून हसले. पण वहीत लिहून ठेवलं.

अठराशे सत्त्याऐंशीच्या पावसाळ्याआधीची ही गोष्ट. भिवा डॉक्टरांकडे कोयनेल न्यायला यायचा. मिठागरावर हिवतापाला काही तोटा नाही, आणि आवडाबाई तर वर्षातले सहा महिने गोधडीत. डॉक्टर त्याला म्हणाले, पुड्या मोफत ने, पण टेकडीवर खणताना वाळे सापडले तर आणून दे. आणि त्याने आणले. सेलेस्टीनबायने पहिला वाळा भिंगाखाली धरला, मणी सरकवायला लागली आणि दोन मणी शिल्लक असतानाच बोट लाल टिपक्यावर आलं. पुन्हा मोजलं. अठरा. रंगही परसातल्यासारखा काळपट नाही, जरा तांबूस. नाकाची शीव ओठाकडे वळलेली. तिने हाक मारली तेव्हा डॉक्टर एका पेशंटची नाडी तशीच सोडून धावत आले.

त्या दिवसापासून डॉक्टरांना झोप नाही. खाडीतल्या एवढ्याशा बेटावर आपली स्वतःची एक जात! विलायतेतल्या एका मोठ्या पंडिताशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांना पाठवायला नमुने जास्त हवेत म्हणून भिवाला निरोप गेला. पुढच्या खेपेला त्याने पाठवल्या दोन बाटल्या. एकीच्या गळ्याला सुताचा दोरा, त्याला एक गाठ. दुसरीच्या गळ्याला दोरा, त्याला दोन गाठी.

डॉक्टर तेव्हा कल्याणला गेले होते. बाटल्या सेलेस्टीनबायच्या हातात पडल्या. गाठी मारलेला दोरा बघून तिच्या अंगावर काटा आला. बाटलीच्या गळ्याला मोजून गाठी कोण मारतो? करणी करणारा. आधीच तो माणूस तिच्या मनातून उतरलेला. तिने ते दोरे कात्रीने कापले, मीठमिरचीबरोबर चुलीत टाकले, ठसका आला नाही म्हणून आणखी घाबरली, आणि त्या बाटल्यासुद्धा घरात नकोत म्हणून दोन्हीतले वाळे धुऊन डॉक्टरांच्या एका मोठ्या बरणीत घातले. झालं. एवढंच केलं तिने. डॉक्टरांना ती एवढंच म्हणाली की भिवाकडून अकरा आले.

अकरांपैकी आठांच्या ओळी अठरा भरल्या. तिघांच्या वीस.

"हे तीन आपल्या गावचे," ती म्हणाली. "खारजूचे नायत. भिवाने कुठल्यातरी परसात खनून भर घातलीय. कोयनेलची चटक लागलीय त्याला."

डॉक्टरांना ते पटवून घ्यायचं नव्हतं. एकाच जातीत थोडा फरक असू शकतो, असं म्हणत त्यांनी अकराच्या अकरा विलायतेला पाठवून दिले. आणि दसऱ्याच्या सुमारास उत्तर आलं. ते डॉक्टरांनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. पंडितांनी लिहिलं होतं की आठ नमुने फार महत्त्वाचे दिसतात. पण तीन निःसंशय नेहमीच्या हिंदुस्थानी वाळ्याचे आहेत. एवढ्याशा बेटावर दोन्ही जाती शेजारी नांदतात यावर विश्वास ठेवणं कठीण. नमुने गोळा करणाऱ्याच्या सचोटीची आपण खात्री करून घ्यावी. तोवर त्या आठांविषयीही मी काही छापणार नाही.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "विलायतेतला माणूस मला लबाड समजला," ते म्हणाले.

"तुम्हाला नाय. त्याला," सेलेस्टीनबाय म्हणाली. "मी सांगितलेलंच."

डॉक्टर तसे मऊ माणूस. पण मऊ माणूस दुखावला की फार कडक होतो. त्यांनी मिठागराच्या मालकाला चिठ्ठी लिहिली. तुमचा रखवालदार माझ्याशी खोटेपणाने वागला, तरी आपण जाणून असावं. एवढीच दोन ओळींची. पण मिठागरावर रखवालदाराचा शब्द हीच त्याची भाकर. मिठाच्या राशीवर सरकारचा डोळा, मालकाचा डोळा, आणि मधे हा एक माणूस. एका बाबतीत खोटा ठरला की दुसऱ्या दिवशी त्याचं खोपटं रिकामं. भिवा तिथे वीस वर्षं होता आणि त्याला दुसरीकडे कुठे घर नव्हतं. हे डॉक्टरांना ठाऊक होतं, सेलेस्टीनबायलाही ठाऊक होतं.

"आधी त्याला विचारू का?" डॉक्टर म्हणाले.

"विचारलंत की तयारी करील. न सांगता जाऊ. समोर खनायला लावू," ती म्हणाली. "मी दोन तारखेला जातेच हाय. माझ्या होडीतून चला."

नोव्हेंबरची दुसरी तारीख, म्हणजे मेलेल्यांचा दिवस. त्या दिवशी कबरी धुवायच्या, फुलं वाहायची. सेलेस्टीनबाय दरवर्षी त्या दिवशी खारजूला जायची, आणि नुसती फुलं नाही न्यायची. क्रुसाकडची माती खारी, तिथे गवताचं पातं धरत नाही. म्हणून ती पावसाळ्यातच आपल्या परसातल्या काळ्या गोड्या मातीत, चार मडक्यांत झेंडू लावायची, आणि ती मडकी तिथे नेऊन मातीसकट इनासच्या पायाशी रिकामी करायची. अकरा वर्षांत तिने परसातली एवढी माती खाडीपार नेली होती की तिच्या विहिरीच्या कडेला खड्डा पडला होता.

या वर्षीही होडीत चार मडकी होती. मधे डॉक्टर, मांडीवर भिंगाची पेटी, खिशात चिठ्ठी. परतताना कोलशेतला होडी लागली की ती चिठ्ठी मालकाच्या कारकुनाला द्यायची, असं ठरलं होतं. सेलेस्टीनबाय मडक्यांवर हात ठेवून बसली होती आणि तिला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांचा संशय खरा ठरण्याचं समाधान काही वेगळंच असतं.

भिवा बांधावर धावत आला. डॉक्टर आलेले बघून त्याला आनंदच झाला. "सायेब, तुमी? आवडे, सायेब आलं गं!" खोपटाच्या दारात गोधडी पांघरलेली आवडाबाई उठून उभी राहिली आणि हिवाने कापत हसली.

डॉक्टरांनी भिंगाची पेटी दगडावर ठेवली. "खण," म्हणाले. "माझ्यासमोर."

भिवाने कुदळ घेतली. सेलेस्टीनबायने आधी त्याला मुंडासं सोडून झटकायला लावलं, मग कमरेची गाठ सोडून दाखवायला लावली, मग हात दोन्ही बाजूंनी. पन्नाशीचा माणूस, तिथल्या मजुरांवर हुकूम चालवणारा. त्याने मुंडासं झटकलं, पुन्हा गुंडाळलं, आणि काही विचारलं नाही. ते न विचारणंसुद्धा तिला खटकलं. टेकडीच्या उतारावर एक जुनं वारूळ होतं, त्याच्या बुडाशी त्याने खणायला घेतलं. डॉक्टर दगडावर बसले. दोन तासांत पाच वाळे निघाले. दारूत बुडवले, भिंगाखाली आले, लाल टिपका, मणी. अठरा. अठरा. अठरा. पाचही अठराच.

"हे पाचही बरोबर आहेत," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज थंड होता. "इथे हीच जात आहे, दुसरी नाही. मग मागच्या खेपेला त्या बरणीतले तीन कुठून आणलेस, भिवा?"

"कंचे तीन?"

"काळपट. जे इथले नाहीत."

भिवा क्षणभर गोंधळला आणि मग त्याचा चेहरा खुलला. "ते होय! ते क्रुसाकडचे. टेकरीवरचे निराळे दिसले आनि तिकरचे निराळे, म्हनून तर दोन बाटल्या केल्या. मना लिवता कुठं येतं, सायेब? एक गाठ टेकरीची, दोन गाठी क्रुसाच्या. दोऱ्याला."

डॉक्टर वळले. "सेलेस्टीनबाय, दोन बाटल्या होत्या?"

माणसाला विचार करायला वेळ मिळाला तर तो बहुतेक वेळा खरं बोलतो. तिला तो मिळाला नाही. चुलीत जळणारे दोरे तिला दिसले, डॉक्टरांच्या वहीत आपल्याविषयी काय लिहिलं जाईल ते दिसलं, आणि तोंडातून निघून गेलं, "एकच आलेली. दोरा-बिरा काय नव्हता."

भिवाने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही; माणूस ओळखीचं दार बंद दिसल्यावर बघतो तसं. मग मान खाली घातली. "बायकडं दोन धाडलेल्या," एवढंच तो पुटपुटला. डॉक्टरांनी खिशावर हात ठेवला आणि होडीवाल्याला विचारलं की पाणी कधी चढेल.

अजून तासभर होता. सेलेस्टीनबाय मडकी घेऊन क्रुसाकडे निघाली. मन अजून वकिली करत होतं. दोन बाटल्या असल्या म्हणून काय झालं? क्रुसाजवळ मिळाले हे कशावरून? खाऱ्या मातीत वाळा जगेल तरी का? हा माणूस गोष्ट रचतोय. गाठींची गोष्ट त्याने आत्ता रचली. आत्ता कशी रचली, दोरे तर मी जाळले तेव्हा त्यावर गाठी होत्याच, हा विचार आला तसा तिने झटकून टाकला.

क्रुसापाशी ती थांबली. पाऊस जाऊन महिना झाला होता, सगळ्या बांधावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरला होता, आणि इनासच्या पायाशी मात्र काळी माती ओली होती. गेल्या वर्षीच्या झेंडूला नवे फुटवे होते. हे काय? इथे कोण काय करतं? तिने पहिलं मडकं उपडं केलं. माती फुटली आणि मुळांच्या जाळीतून एक काळपट दोरा वळवळत बाहेर आला, प्रकाश लागताच पुन्हा मातीत तोंड खुपसायला लागला.

भिंग लागलं नाही. परसातला वाळा तिने हजार वेळा धरला होता. तो तिचा होता, तिच्या विहिरीकाठचा, तिच्या मडक्यातून खाडी ओलांडून आलेला. आणि अकरा वर्षांत असे किती आले असतील? भिवाने खरंच इथे खणलं होतं. खरंच इथे सापडले होते.

तिने आजूबाजूला बघितलं. डॉक्टर टेकडीवर पाठमोरे होते. तिने पायाने माती लोटली आणि वाळा झाकून टाकला. कुणी बघितलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या हाताकडे बघत आलेल्या बाईने ही एवढी एक गोष्ट पायाने केली.

"बाय," मागून आवाज आला.

आवडाबाई होती. गोधडी खांद्यावर, हातात पाण्याचा तांब्या, आणि तांब्यातलं पाणी तिच्या कापण्याने डचमळत होतं. "सकालपासनं हे खनत बसलं, आज पानी घालायचं राह्यलं," ती म्हणाली आणि वाकून झेंडूच्या मुळाशी तांब्या ओतायला लागली.

"गोडं पानी?" सेलेस्टीनबायने विचारलं. खारजूवर गोड्या पाण्याचा थेंब नव्हता. पिण्याचं पाणी होडीने कोलशेतहून यायचं, हंडा हंडा मोजून. "हे कोणी सांगितलंय तुम्हाला करायला?"

"सांगल कोन? रोज घालतंय ते. इनासभावजी पटकीत पडलं ना, पानी पानी करत होतं. हंडा पालथा. हे ओहोटीतनं चिखल तुडवत कोलशेतला गेलं पानी आनायला. येईपर्यंत भावजी गेलं." तिने तांब्या थोपटून शेवटचा थेंब पाडला. "तुमाला हे कवा बोललं नाय. कसं बोलनार? तुमच्या दारात उभं होतं तवा तोंडात आलं, तसंच गिळून परत आलं. तवापासनं घालतंय. म्हनतंय, रायलेलं पानी हाय इनासचं."

सेलेस्टीनबाय तिथेच मातीत बसली. राखून ठेवलं होतं त्याने. तिने बरोबर ओळखलं होतं, दारात, अकरा वर्षांपूर्वी, की हा काहीतरी राखून बोलतोय. फक्त काय राखतोय ते तिने कधी विचारलं नाही. तिला इतकं रडू आलं की आवडाबाईला वाटलं हिला पण हिव भरलं, आणि ती आपली गोधडी काढून तिच्या अंगावर घालायला लागली.

मग ती उठली. हातानेच माती उकरली, वाळा धरला, आणि तसाच मुठीत घेऊन टेकडी चढली. तो बोटांतून निसटायला बघत होता, आपल्या शेपटीचा काटा तळव्याला टोचत होता.

"डॉक्टर, मोजा," ती म्हणाली. तिने माळ त्यांच्या हातात दिली. "वीस भरतील. माझ्या मडक्यातनं निघाला. दरसाल मीच आनलेत हे इथं, मातीबरोबर. भिवाने जिथं मिळाले तिथलं नाव गाठी मारून सांगितलेलं. दोन बाटल्या होत्या. दोरे मी जाळले, करणी समजून. आनि मघाशी मी खोटं बोललंय."

डॉक्टरांनी तिच्या मुठीखाली बाटली धरली. वाळा बाटलीत गेला, मग भिंगाखाली. त्यांनी मणी सरकवले. पहिला तुकडा संपला, दुसरा संपला, बोट लाल टिपक्यावर आलं. त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली आणि फाडून टाकली. भिवा बाजूला कुदळ धरून उभा होता. त्याला फाडलेल्या कागदात काय होतं ते ठाऊक नव्हतं, आणि ते त्याला कधीच कुणी सांगितलं नाही.

"मुंडासं सोडायला लावलं मी तुला," सेलेस्टीनबाय त्याला म्हणाली.

"त्याचं काय, बाय," भिवा म्हणाला. "ऊन लागत होतं, तेवढंच वारं लागलं."

डॉक्टरांनी विलायतेला सगळं खुलासेवार कळवलं, मडकी, माती आणि गाठींसकट. उत्तर यायला उन्हाळा उजाडला. पंडितांनी लिहिलं होतं की कथा फार रंजक आहे, मात्र खात्रीसाठी आणखी नमुने आणि थोडी क्रुसाजवळची माती पाठवावी. डॉक्टर चिडले. सेलेस्टीनबाय मात्र म्हणाली की माणूस शहाणा दिसतो. पुढच्या सगळ्या बाटल्यांच्या गळ्याला दोरा तिनेच बांधला. टेकडीची एक गाठ, क्रुसाच्या दोन.

बाजारात ती अजूनही प्रत्येक माशाचा कल्ला उचलायची आणि दूधवाला तिच्या दारात अजूनही हात पुसायचा. त्या वर्षी आवडाबाईच्या जवळ्याचं गाठोडं आलं तेव्हा शेजारीण आपण होऊन सूप घेऊन आली. सेलेस्टीनबायने ते बाजूला ठेवलं आणि गाठोडं सोडून जवळा तसाच मडक्यात ओतला. त्यात वाळू होती. जेवताना पहिल्याच घासाला तिच्या दाताखाली करकरलं. शेजारीण तिच्याकडे बघत राहिली. सेलेस्टीनबायने घास नीट चावला, गिळला, आणि भात आणखी वाढून घेतला.